इम्युनिटी जास्त झाल्यामुळे आजार होतो म्हणे, मग आईचा गुळवेलीचा काढा बंद करू का?

वाळवण

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

माझी आई, वय ५६, मिरजेजवळ गावी असते. दोन वर्षांपूर्वी तिची बोटं सकाळी सकाळी आखडायला लागली, आम्ही म्हटलं वयाचा वात असेल, मग तेल चोळ, शेक दे, निर्गुडीचा पाला बांध, सगळं करून झालं. उठल्यावर तासभर तरी मूठ वळायची नाही, दुपारनंतर जरा बरं वाटायचं. एक दिवस भाकरी थापायला बसली आणि हातच चालेना, तशीच पीठभरल्या हाताने रडत बसली, तेव्हा मात्र उचलून दवाखान्यात नेली. रूमॅटॉईड आर्थ्रायटिस (आरए) निघाला. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, अँटी सीसीपी खूपच जास्त, सूज दाखवणारा सीआरपी ४२. मेथोट्रेक्सेट ही आरएची गोळी चालू केली, आठवड्यातून एकदा, पहिले सहा महिने चांगले गेले, आता परत मनगटं सुजतात. डॉक्टर म्हणाले इंजेक्शन सुरू करू, अडालिमुमॅब, पण त्याआधी छातीचा एक्सरे आणि टीबीची टेस्ट करून या. आता टीबी मधेच कुठून आला? आमच्या घरात कुणालाच नाही.

खरा गोंधळ पुढे आहे. डॉक्टर म्हणाले "त्यांची इम्युनिटीच सांध्यांवर उलटलीय, ती दाबायची". आणि आम्ही करोनापासून तिला रोज सकाळी इम्युनिटी वाढायला म्हणून गुळवेलीचा काढा देतोय, वेल दारातच आहे! म्हणजे एका हाताने वाढवतोय आणि दुसऱ्या हाताने दाबतोय? मावशी म्हणते इंजेक्शन घेऊ नको, इम्युनिटी कमी झाली तर साधी सर्दीही उतरायची नाही. आणि मला हे कळत नाही की इम्युनिटी एवढी जास्त आहे तर आईला दर दोन महिन्यांनी सर्दी खोकला का होतो? जास्त आहे का कमी आहे नक्की? आणि जास्त असली तरी ती सांध्यांनाच का धरते?

डॉक्टरांना विचारायचं होतं पण बाहेर ५० पेशंट बसलेले, आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. कुणी नीट समजावून सांगेल का? गुगल करून घाबरून झालंय, त्यामुळे लिंक नकोत :)

लॅबवाला_नाना

ताई, मी डॉक्टर नाही, २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे मला जे डोळ्यांनी दिसतं तेवढंच सांगतो.

गुडघा सुजलेल्या माणसाचं पाणी डॉक्टर सिरिंजने काढून आमच्याकडे पाठवतात. चांगल्या सांध्यातलं पाणी असतंच जेमतेम, थेंबभर, फिकट पिवळं आणि चिकट, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते त्याला. पेशी मोजल्या तर एका घन मिलिमीटरला २०० च्या आत. आणि तुमच्या आईसारख्या पेशंटचं पाणी येतं ते गढूळ, तार तुटलेली, पेशी १०-२० हजार, कधी त्याहून जास्त. आणि त्यात बहुतेक सगळ्या न्यूट्रोफिल. म्हणजे सीबीसीच्या रिपोर्टवर जे पहिलं नाव असतं ना टक्केवारीत, तीच पेशी. ही पेशी बोनमॅरोमध्ये रोज साधारण दहा हजार कोटी तयार होते आणि दिवस-दोन दिवसांत मरते, तिचं कामच ते, जायचं, जंतू गिळायचे, अंगातलं ऍसिड-एन्झाइम ओतायचं आणि मरायचं. काटा रुतला की दुसऱ्या दिवशी जो पू दिसतो तो म्हणजे याच मेलेल्या पेशी.

आता गंमत बघा. त्या गढूळ पाण्याचं कल्चर लावलं तर आरएमध्ये काहीच उगवत नाही. एकही जंतू नाही. वीस हजार पेशी जमल्यात आणि मारायला समोर कोणीच नाही! तरी त्या आपलं एन्झाइम ओततच असतात, आणि ते जातं कशावर, तर सांध्याच्या कूर्चेवर.

गाऊटमध्ये असंच, फक्त तिथे निदान कारण तरी दिसतं, युरिक ऍसिडचे सुईसारखे खडे, पोलराइज्ड लाइटखाली झगझगीत दिसतात, कधीकधी न्यूट्रोफिलच्या पोटात घुसलेले. म्हणजे सूज यायला जंतू लागतोच असं नाही, पेशींना "काहीतरी गडबड आहे" असं वाटलं की बास.

बाकी कमी का जास्त हे डॉक लोक सांगतील.

मावळा_इन_न्यूजर्सी

वाचनखूण साठवली. माझ्या सासूबाईंनाही हेच, त्यामुळे वाचतोय.

डॉक_टवाळ

नाना, पाण्याची तार एकदम बरोबर, आम्हाला एमडीला सर तेच बघायला लावायचे, सिरिंजमधून थेंब सोडून.

वाळवणताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, फक्त "जास्त-कमी" हे शब्द बाजूला ठेवायला लागतील. तुम्ही मिरजेकडच्या म्हणून पाण्याचंच उदाहरण देतो. कॅनॉलला पाणी सुटलं की कुणाच्या शेताला कधी आणि किती, हे पाटकरी ठरवतो. पाळी असते. आता समजा पाट फुटला आणि सगळं पाणी एकाच्या हळदीत शिरलं, हळद कुजली. आणि त्याच वेळी टोकाच्या शेतकऱ्याला पाणीच पोचलं नाही. तर मग पाणी जास्त झालं का कमी झालं? दोन्ही नाही ना. चुकीच्या शेतात गेलं आणि वेळेवर बंद झालं नाही. इम्युनिटीचं असंच आहे, ती टाकीतल्या पातळीसारखी एका आकड्यात मावत नाही, त्यामुळे ती "वाढवायची" म्हणजे नक्की काय वाढवायचं हा प्रश्न त्या जाहिरातवाल्यांना विचारला पाहिजे.

सर्दीचं आधी उरकतो. दर दोन महिन्यांनी सर्दी होणं हे बऱ्याच जणांचं नॉर्मलच असतं, विशेषतः घरात शाळेत जाणारं पोर असेल तर. आणि नाक वाहतं, घसा सुजतो, अंग दुखतं, ताप येतो, हे सगळं व्हायरस थोडं आणि आपल्याच पेशी जास्त करतात. म्हणजे शिंका येतायत याचा अर्थ इम्युनिटी झोपलीय असा नाही, उलट ती कामावर आहे. आरएच्या पेशंटना इन्फेक्शनचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो हे मात्र खरं, कारण पाणी हळदीत मुरतंय.

आता सांध्यातच का. पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही पण बराचसा भाग कळलाय. काही लोकांमध्ये एचएलएचा एक ठराविक प्रकार असतो, एचएलए म्हणजे पेशी ज्या ताटलीत प्रोटीनचे तुकडे ठेवून टी-सेलला (शत्रू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशीला) दाखवतात ती ताटली. फुफ्फुसात, हिरड्यांत कुठेतरी, धूम्रपानाने किंवा जुनाट सुजेने, आपल्याच प्रोटीनमध्ये एक छोटा रासायनिक बदल होतो, त्याला सिट्रुलिनेशन म्हणतात. या ताटलीत ते बदललेलं प्रोटीन नेमकं फिट्ट बसतं, टी-सेलला वाटतं हा कोण परका, ती बी-सेलला चिथावते, बी-सेल त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवते. हीच तुमच्या रिपोर्टातली अँटी सीसीपी. आणि ही रक्तात सांधा दुखायच्या कित्येक वर्षं आधीपासून सापडू शकते. म्हणजे तुमच्या आईची भाकरी अडली दोन वर्षांपूर्वी पण हे प्रकरण कदाचित त्याच्याही खूप आधी शिजत होतं.

मग सांध्याच्या अस्तरात मॅक्रोफेज नावाची पेशी असते, खरी कारभारीण ती. ती टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ अशी रसायनं सोडते, ही म्हणजे पेशींचे निरोप. टीएनएफ रक्तवाहिनीचं अस्तर चिकट आणि सैल करतो म्हणून न्यूट्रोफिल रक्तातून बाहेर येतात, म्हणून सूज, लाली, गरमपणा. आयएल-६ रक्तातून लिव्हरला पोचतो आणि लिव्हर सीआरपी बनवायला लागतं, म्हणजे तो ४२ आकडा मनगटातून नाही, लिव्हरमधून आलाय, मनगटाने नुसता निरोप धाडला. हाच आयएल-६ लोह साठ्यात अडकवून ठेवतो, म्हणून या पेशंटचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या खाऊनही फारसं हलत नाही (आईचं बघा, पैज लावतो ११ च्या खाली असणार). आणि मॅक्रोफेजच्याच खानदानातली एक पेशी हाडं खाणारी, ऑस्टिओक्लास्ट, ती एरवी हाडाची डागडुजी करते, सुजेत ती मोकाट सुटते आणि एक्सरेत हाडाला उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. एकदा कुरतडलेलं हाड परत येत नाही, म्हणून डॉक्टर घाई करतायत.

पण मला जो भाग सगळ्यात भारी वाटतो तो हा की याच पेशी सूज उतरवतातही. काटा रुतला, पू झाला, चार दिवसांनी बरं झालं, ते आपोआप विझत नाही, विझवावं लागतं. न्यूट्रोफिल मेल्या की मॅक्रोफेज त्यांना गिळते, आणि गिळल्यावर तिचा स्वभावच पालटतो, भांडणाचे निरोप बंद करून ती डागडुजीचे निरोप पाठवायला लागते. २०१९ मध्ये उंदरांच्या सांध्यात असं दिसलं की अस्तरातल्या काही मॅक्रोफेज एकमेकींना टाइल्ससारख्या चिकटून राहतात आणि सांध्याभोवती भिंत धरतात, आणि आर्थ्रायटिसमध्ये पहिली ही भिंतच उसवते. तीच पेशी, एक बहीण राखणारी, दुसरी पेटवणारी.

आणि पाटकरी कोण? टी-रेग, म्हणजे रेग्युलेटरी टी-सेल. २०२५ चं मेडिसिनचं नोबेल यावरच मिळालं, जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेच्या मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल. साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवलं की काही टी-सेल अशा आहेत की त्या काढून टाकल्या तर उंदराची स्वतःचीच इम्युनिटी त्याच्या थायरॉईड, पोट, सांध्यांवर तुटून पडते, आणि परत घातल्या तर शांत होते. तेव्हा या कल्पनेला फार कुणी विचारत नव्हतं, सप्रेसर सेल (दाबणारी पेशी) हा शब्द काढला तरी लोक हसायचे. मग ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये खपल्या पडून लवकर मरणाऱ्या एका उंदराच्या जातीत बिघडलेला जीन शोधला, फॉक्सपी३, आणि तोच बिघडला की माणसाच्या मुलग्यांना आयपेक्स नावाचा भयंकर आजार होतो, तान्ह्या वयातच डायबेटिस, जुलाब, त्वचेचा दाह. पाटकरीच नाही म्हटल्यावर सगळी शेतं बुडतात. (रॅम्सडेल साहेब नोबेल जाहीर झालं तेव्हा फोन बंद करून डोंगरात भटकत होते, कमिटीला सापडेनात. जगावं तर असं.)

आरएमध्ये टी-रेग सांध्यात असतात, पण त्या गदारोळात त्यांचं कुणी ऐकत नाही. पाटकरी ओरडतोय आणि इंजिनं चालूच.

टीबीचं उद्या लिहितो, नाइट ड्यूटी आहे.

खलबत्ता

डॉक्टर साहेब लिहिता छान, पण आयुर्वेदाला असा तिरका टोमणा कशाला? गुळवेल हजारो वर्षांपासून लोक घेतायत. आमवात वेगळा, संधिवात वेगळा हा फरक आपल्याकडे माधवनिदानात लिहून ठेवलाय, तेव्हा तुमच्या एमडीच्या सरांचे पूर्वज काय करत होते? गुळवेल इम्युनिटी "वाढवत" नाही, ती नियमन करते. उगाच लोकांना घाबरवू नका.

लॅबवाला_नाना

खलबत्ता भाऊ, टोमणा जाहिरातीला होता असं मला वाटलं, वेलीला नाही. आमवाताचं म्हणाल तर मान्य, सांध्यांचे दोन आजार वेगळे ओळखले होते ही साधी गोष्ट नाही.

पण एक सांगतो. २०२० च्या शेवटी शेवटी कावीळ झालेल्या पेशंटचे रिपोर्ट यायचे, एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारं एन्झाइम) हजाराच्या घरात, हिपॅटायटिसचे सगळे व्हायरस निगेटिव्ह, आणि हिस्टरी विचारली की "रोज काढा". २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी असे सहा पेशंट छापले, सगळे गुळवेल घेणारे, लिव्हरमध्ये ऑटोइम्यून (म्हणजे आपलीच इम्युनिटी आपल्यावर उलटते तशा) हिपॅटायटिससारखी सूज, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आधीपासून थायरॉईड, डायबेटिस असं काहीतरी होतं. आयुष मंत्रालयाने तेव्हा ते मानलं नाही, म्हणाले दुसऱ्याच वेलीशी गल्लत असेल. असेलही, गुळवेलीसारखी दिसणारी भावंडं आहेत रानात. पण ताईंच्या आईला ऑटोइम्यून आजार आहे आणि वर मेथोट्रेक्सेट चालू आहे, ज्याच्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी लिव्हरची टेस्ट करायला लागते. समजा एसजीपीटी वाढलं तर डॉक्टरने दोष कुणाला द्यायचा? गोळीला की काढ्याला? नाहक चांगली गोळी बंद व्हायची. निदान डॉक्टरांना सांगा तरी की काढा चालू आहे.

खलबत्ता

ते ठीक. सांगायला पाहिजे हे मान्य. मेथोट्रेक्सेटबरोबर मी पण नाही देणार.

कोकणकडा_७१

माझा अनुभव लिहितो, वय ५३, मुक्काम चिपळूण. २०१६ ला आरए. पहिली दोन वर्षं मी एका गावठी औषधवाल्याच्या पुड्या खाल्ल्या, करड्या रंगाची पावडर, मधातून. तिसऱ्या दिवशी नाचायला लागलो अक्षरशः, सांधे गायब! लोकांना पत्ता देत सुटलो. मग तोंड सुजलं, पोट सुटलं, शुगर ३२० झाली, दंडाची कातडी टिशूपेपरसारखी फाटायला लागली. मोठ्या डॉक्टरने चेहरा बघूनच विचारलं की पुडी कुठली खाता. त्यात स्टिरॉइड होतं.

गंमत म्हणजे स्टिरॉइडचं पहिलं मोठं नाव याच आजारात झालंय, हे मला नंतर त्या डॉक्टरांनी सांगितलं. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये हेंच नावाच्या डॉक्टरने अंथरुणाला खिळलेल्या एका आरएच्या बाईला कॉर्टिझोन टोचलं, काही दिवसांत ती चालायला लागली, १९५० ला नोबेल. आणि मग हळूहळू सगळ्यांची तोंडं माझ्यासारखी सुजायला लागली. म्हणजे स्टिरॉइड वाईट नाही, ते पाटाचं मेन गेटच बंद करतं, हळदीतलं पाणी थांबतं आणि ज्वारीचंही थांबतं. २०२१ मध्ये आपल्याकडे काळ्या बुरशीचे पेशंट आठवा, करोनात ऑक्सिजनवर असलेल्या माणसाचा जीव ज्या डेक्साने (हेही स्टिरॉइडच) वाचला तेच डेक्सा घरी बसलेल्याने, त्यात शुगरवाल्याने, वाटेल तसं घेतलं की काय होतं ते.

आता मी चार वर्षं इंजेक्शनवर आहे, ताईंच्या आईला सांगितलंय तेच. दोन आठवड्यांनी एक, ४० मिलिग्रॅम, मांडीत किंवा पोटावर, पेन असतं, बायको देते, खटकन आवाज होतो. फ्रीजमध्ये ठेवायचं पण फ्रीजरमध्ये नाही, आणि काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवून मग घ्यायचं, नाहीतर झोंबतं. खर्चाचं म्हणाल तर भारतीय कंपन्यांची आहेत, जगातलं पहिलं अडालिमुमॅबचं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच बनवलेलं दुसरं) आपल्याकडेच २०१४ ला आलं, मूळ परदेशी औषधाच्या मानाने खूप स्वस्त, तरी आपल्यासारख्याला जडच. किंमत दोन-तीन दुकानांत विचारा, फरक असतो, आणि डॉक्टरांना कंपनीच्या पेशंट स्कीमचं विचारायला लाजू नका.

माझी टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. घाबरलो होतो. पुढचं डॉक सांगतील.

डॉक_टवाळ

आलो. कोकणकडा, मेन गेटचं उदाहरण ढापणार आहे ओपीडीत.

टीबी. आपल्याकडे मोठ्या माणसांपैकी साधारण तिसरा हिस्सा लोकांच्या शरीरात टीबीचे जंतू कधीतरी शिरून बसलेले असतात, आजार नाही, खोकला नाही, काही नाही. घरात कुणाला टीबी नव्हता म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही, एसटीत शेजारी कोण बसलं होतं कुणाला माहिती. हे जंतू मरत नाहीत, त्यांना मॅक्रोफेज आणि टी-सेल घेराव घालतात, गोल गाठ तयार होते, ग्रॅन्युलोमा, आणि आत जंतू डांबून ठेवतात, वर्षानुवर्षं, कधी जन्मभर. आता ही गाठ टिकवून कोण ठेवतं? टीएनएफ! जो आईचं मनगट सुजवतोय तोच त्या गाठीची गवंड्यासारखी राखण करतोय. त्याला अडालिमुमॅबच्या इंजेक्शनने धरून ठेवलं की मनगट उतरतं आणि घेराव सैल होतो. हे पुस्तकातून नाही, अनुभवातून कळलं, २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याकडे (एफडीए) इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे टीएनएफ अडवणारंच दुसरं औषध, घेतलेल्या ७० जणांचा टीबी नोंदला गेला, निम्म्याहून जास्त जणांना फुफ्फुसाच्या बाहेर, बरेचसे पहिल्या तीन डोसांच्या आतच. तेव्हापासून आधी टेस्ट, मग इंजेक्शन.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर घाबरायचं नाही, ती फक्त "जंतू डांबलेले आहेत" एवढं सांगते. एक्सरे स्वच्छ असेल तर प्रतिबंधाच्या गोळ्या काही महिने, आणि त्या सुरू करून साधारण महिना झाला की इंजेक्शन सुरू करता येतं. मेथोट्रेक्सेट आधीच दाबतंय म्हणून मॉन्टूला (हातावर टोचून उठलेली गाठ मोजायची टीबीची टेस्ट) ५ मिलिमीटरही पुरे धरतात, एरवी १० बघतात. हां, आणि या टीबीच्या गोळ्यापण लिव्हरवर येतात, म्हणजे तीन-तीन गोष्टी एका लिव्हरवर. काढ्याचं नानांनी सांगितलंच.

टीएनएफच का निवडला याचीही गोष्ट सांगतो, कारण यात आपला माणूस आहे. लंडनला मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी, मैनी मूळचे लुधियानाचे. ऐंशीच्या दशकात लोक म्हणायचे सांध्यात इतकी रसायनं आहेत, एक बंद करून काय होणार, बाकीची दहा आहेतच. यांनी आणि फिओनुला ब्रेनन बाईंनी पेशंटच्या सांध्याचं अस्तर काढून बशीत वाढवलं आणि त्यात टीएनएफ अडवणारी अँटिबॉडी टाकली, तर आयएल-१ सुद्धा बनायचं बंद झालं. म्हणजे टीएनएफ वरच्या अंगाला बसलेला, ते एक दार लावलं की खालची कोरडी पडतात. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये पहिल्या २० पेशंटना दिलं. बाकी औषधांनी हात टेकलेले पेशंट होते ते. सगळी इम्युनिटी दाबायची नसते, एक दार लावायचं असतं, मावशींना हे सांगा. धोका नाही असं नाही, ताप आला, खोकला लांबला तर इंजेक्शन पुढे ढकलून आधी डॉक्टरला फोन, आणि जिवंत व्हायरसच्या लसी टाळायच्या. न्यूमोनिया, फ्लूच्या लसी सुरू करण्याआधीच घेतल्या तर उत्तम.

आणि एक शेवटचं पण सगळ्यात महत्त्वाचं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. वार ठरवा. रोज घेतलं तर माणूस मरतो, खरंच मरतो, तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी संपतात. दरवर्षी एखादा तरी असा पेशंट ॲडमिट होतो आणि प्रत्येक वेळी कारण एकच, चिठ्ठी नीट वाचली नाही किंवा कुणी नीट सांगितलं नाही.

चिंचपोकळीचा_चिंतू

मधेच विचारतो, धागा भरकटवायचा नाहीये. मला गेल्या पावसाळ्यात पुण्यात चिकनगुनिया झाला, ताप चार दिवसांत गेला पण घोटे आणि बोटं पाच महिने झाले तरी सकाळी आखडतात. हे पण आरए का?

डॉक_टवाळ

बहुतेक नाही, पण दिसायला जुळा भाऊ. व्हायरस गेलेला असतो पण सांध्यातल्या मॅक्रोफेजना कुणी "संपलं" सांगितलेलं नसतं, विझवायचं काम अर्धवट राहतं. बहुतेकांचं काही महिन्यांत, कुणाचं वर्षाने उतरतं. अँटी सीसीपी करून घ्या, निगेटिव्ह असेल आणि हाड कुरतडलेलं नसेल तर निम्मी काळजी मिटली. पाच महिने झाले म्हणताय तर एकदा दाखवाच, आणि पेनकिलर स्वतःच्या मनाने महिनोन्महिने खाऊ नका, किडनी एकदाच मिळते.

वाळवण

सगळ्यांचे खूप खूप आभार. सहा आठवड्यांनी लिहितेय, मधे गावी होते.

डॉक, पैज जिंकलात, हिमोग्लोबिन १०.२ निघालं. मॉन्टू १४ आली, एक्सरे स्वच्छ. आई आधी ऐकेना, म्हणाली मला टीबी झाला म्हणून गावभर होईल, मग मी तिला पाटकऱ्याची गोष्ट सांगितली आणि आमचे बाबा (त्यांची चार एकर हळद आणि ऊस आहे) मधेच म्हणाले, अगं म्हणजे जंतू विहिरीत डांबलेले आहेत, फक्त झाकण घट्ट आहे का बघायचंय. तिला ते पटलं, माझं नाही पटलं :) टीबीच्या प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले, लिव्हर ठीक आहे, पहिलं इंजेक्शन गेल्या गुरुवारी दिलं. मनगटात अजून फरक नाही, डॉक्टर म्हणाले काही आठवडे थांबा.

काढा बंद केला. डॉक्टरांना काढ्याचं सांगितलं तेव्हा ते नाना म्हणाले तेच म्हणाले, आणि वर विचारलं की मग दोन वर्षं का नाही सांगितलं. काय सांगणार, कुणी विचारलंच नव्हतं.

मेथोट्रेक्सेटचा रविवार ठरलाय, कॅलेंडरवर बाबा लाल पेनने गोल करतात. मागच्या रविवारी लग्नाला गेलो होतो तर गोळी राहिली, सोमवारी सकाळी घेतली, चालतं ना?

डॉक_टवाळ

चालतं. पुढची परत रविवारीच. फॉलिक ऍसिड वेगळ्या वारी चालू आहे ना? त्यालाही गोल करायला सांगा बाबांना, पण पेन निळं.